सात महिन्यांचा रकाना

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. टोकावड्यात कुणालाही विचारा. माझ्या अंगणवाडीत एखादं मूल दोन दिवस दिसलं नाही की मी घरी जाऊन त्याच्या आईला झाडते, आणि बाप ओटीवर बसलेला असला तर त्यालाही सोडत नाही. पण एकदा बोलून टाकलं की संपलं, मी मनात काही ठेवत नाही, असं मी स्वतःबद्दल सगळ्यांना सांगत आले. ते साफ खोटं. धाकट्या भावाबद्दल मी चार वर्षं मनात ठेवलं.

भाऊ परदेशात वेल्डर आहे. देशाचं नाव लिहीत नाही. आमच्या आईला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, ती नुसतं 'तिकडं' म्हणायची, आणि मलाही तेवढं पुरतं. आमचं माहेरचं गाव आटगावजवळ. वडील लवकर गेले. आईने स्वतःची पाऊण एकर भातशेती आणि लोकांकडची लावणी-कापणी करून आम्हा दोघांना वाढवलं. भाऊ आयटीआय शिकला, जवळच्याच एका कारखान्यात दोन वर्षं होता, आणि तिथून कुणाच्या तरी ओळखीने तिकडे गेला. आईच्या मोबाइलवर त्याचा वेल्डिंगचं हेल्मेट घातलेला फोटो होता. तोंड दिसतच नव्हतं. तरी गिरणीत, बाजारात, एसटीच्या थांब्यावर ती तो फोटो लोकांपुढे धरायची. "ह्यो माझा पोरगा. लोखंडाला लोखंड जोडतो."

मी एकदा म्हटलं, "आये, तोंड तरी दिसतंय का त्याचं?"

"मला दिसतंय ना," ती म्हणाली. "तुला कशाला दिसायला पायजे?"

चार वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि आईने अंथरूण धरलं. मी तिला माझ्या घरी आणलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, घरीच ठेवा, मागेल ते खायला द्या. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी भावाला फोन लावला. "ये," म्हटलं, "असशील तसा ये."

"सुट्टी देत नायत गो ताय," तो म्हणाला.

आठ दिवसांनी परत लावला. परत तेच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "तुझ्या सायबाला दे फोन, मी बोलते. मला काय इंग्लिश येत नाय, पण रडता तरी येतं." त्याने हसल्यासारखं केलं. मात्र रोज व्हिडिओ कॉल करायचा. आमच्याकडे संध्याकाळ, त्याच्याकडे सकाळ. अंगात कामाचं जाड जाकीट, पाठीमागे वर्कशॉपचं शटर, तोंडातून वाफा. आई विचारायची, "जेवलास का रे? काम हाय ना बरं?" तो म्हणायचा, "हाय गो आय, लय काम हाय." दोन मिनिटं झाली की कट. मला वाटायचं, जळलं मेलं ते काम! आई मरायला टेकली आणि ह्याला दोन मिनिटांच्या वर फुरसत नाही.

आई पौषात गेली. तो आला नाही. अग्नी चुलत भावाने दिला.

आमच्या भागात वर्षश्राद्धाला नाक्यावर फ्लेक्स लावायची पद्धत आहे. वर 'प्रथम पुण्यस्मरण', मध्ये गेलेल्या माणसाचा फोटो, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. मुलाचं नाव सगळ्यात पहिलं. चुलत भावाने यादी लिहून दिली आणि मी ती घेऊन शहापूरला फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याने कॉम्प्युटरवर सगळं मांडून दाखवलं. आईचा फोटो छान आला होता. मी म्हटलं, "हे पहिलं नाव काढा."

"ताई, मुलगा आहे ना त्यांचा?"

"आहे. त्याला शोक करायला सुट्टी मिळाली नाही. काढा."

त्याने काढलं. बाकीची नावं एकेक वर सरकली. तो बॅनर आमच्या गावच्या फाट्यावर पंधरा दिवस होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने बघितला. कुणीतरी फोटो काढून भावाला पाठवला, हे मला कळलं. मी वाट बघत बसले, की आता विचारेल, आता विचारेल. उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं धार लावून. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. त्याचाही मला राग आला.

त्यानंतर मी बोलणंच टाकलं. राखीपौर्णिमेला त्याचा फोन आला की मी नवऱ्याच्या हातात द्यायची. 'ताय, बरी हायस ना' असे मेसेज यायचे. मी वाचायची आणि उत्तर द्यायची नाही. वाचलेलं त्याला दिसतं, हे मला ठाऊक होतं.

यंदा वैशाखात त्याचा मेसेज आला. 'ताय, एक काम होतं. नाय बोलू नको.' तिकडचं नागरिकत्व मिळवायला तो अर्ज भरत होता. त्या अर्जात गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे काम केलं त्याची यादी मागितली होती, महिन्यावारी. इकडच्या कारखान्यात कुठल्या महिन्यात लागला आणि कुठल्या महिन्यात सुटला ते त्याला आठवत नव्हतं. कागद आईच्या पेटीत होते आणि पेटी माझ्याकडे.

कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, दुसरं काय! त्यातून नागरिकत्व म्हणजे आपला इकडचा पासपोर्ट देऊन टाकायचा, हे नवऱ्याने मला समजावून सांगितलं. म्हणजे आईच्या माघारी हा पुरताच परका होणार. दोन दिवस मी पेटीकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. काय करणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईच्या दोन लुगड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचे सगळे कागद होते, दहावीच्या मार्कशीटपासून. कारखान्याचं पत्रही होतं.

मी त्याला लिहिलं, 'तारखा मिळाल्या. पण आधी सगळा अर्ज पाठव. मी तपासून बघते. तुझा दहावीचा फॉर्म पण मीच तपासला होता, त्यात तू स्वतःची जन्मतारीख चुकवली होतीस.' बोलणं टाकल्यापासूनचा माझा पहिला मेसेज तो. प्रेमाने नव्हता लिहिला. माझा अर्धा जन्म रजिस्टरं भरण्यात गेला आहे, अर्धवट कागद मला बघवत नाही.

त्याने फोटो पाठवला. अर्ध्या पानाचा. इकडच्या नोकरीची तेवढी ओळ दिसत होती, बाकीचं कापलेलं.

'अर्धा का? मी काय अर्धी अडाणी आहे? सगळं पान पाठव.'

दोन दिवस काही नाही. मग एका दुपारी मुलं घरी गेली होती, मदतनीस बाई खिचडीचं पातेलं घासत होत्या, आणि फोन वाजला. सगळं पान आलं होतं. फोटोखाली त्याने एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

मी चष्मा लावला. इंग्रजी मला फाडफाड येत नाही, पण महिने वाचता येतात आणि रकाने कळतात. डावीकडे कधीपासून कधीपर्यंत, मध्ये कुठे, उजवीकडे काय काम. वरती सूचना होती की मधला एकही महिना रिकामा सोडायचा नाही, काम नसेल तर नसल्याचं लिहायचं, आणि खोटं लिहिलं तर अर्ज बाद. मी पहिल्या ओळीपासून बोट ठेवून खाली येत होते. कारखाना. मग तिकडचं वर्कशॉप, चार वर्षं. वेल्डर. त्याच्याखाली एक ओळ, ऑगस्ट ते फेब्रुवारी, आणि जागेच्या रकान्यात 'अनएम्प्लॉइड'. म्हणजे बेकार. ती ओळ आई गेली त्याच्या आदल्या सालात सुरू होत होती आणि आई गेली त्या सालात संपत होती.

मी बोटांवर मोजलं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दिवाळी. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. पौष. परत पहिल्यापासून मोजलं. सात महिने. मदतनीस बाईंनी विचारलं, "बाई, काय झालं? घाम आलाय तुमाला." मी म्हटलं, "काय नाय, ऊन लागलं असेल." सावलीत बसले होते मी.

त्याच्याकडे सकाळ होईपर्यंत थांबले. मग आमच्या परसातल्या आंब्याखाली उभी राहून फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"काम नव्हतं तुला?" मी म्हटलं. कसा आहेस वगैरे काही नाही.

"नाय," तो म्हणाला.

"मग ते जाकीट? ते मागचं शटर?"

"वर्कशॉप ऑगस्टमदीच बंद झालेलं ताय. शटर बंदच होतं ते. तू कधी उघडं बघितलंस का?"

मी कधीच बघितलं नव्हतं, तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तो दोन बस बदलून त्या बंद वर्कशॉपसमोर जायचा, रोज सकाळी, बर्फातून. जाकीट घालून उभा राहायचा आणि आईला फोन लावायचा. खोलीतून लावला असता तर आईने विचारलं असतं, आज कामाला नाय गेलास का? हात बधिर व्हायचे म्हणून दोन मिनिटांत ठेवायचा. तिथे काम करायचं त्याचं परमिट त्या एकाच वर्कशॉपच्या नावावर होतं. देश सोडून बाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं. तिथेच राहून दुसरं काम मिळवलं तरच निभाव होता. ते मार्चमध्ये मिळालं. आईला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

"मला तरी सांगायचं होतंस, मेल्या!"

"तुला सांगितलं असतं तर तू आयला सांगितलं असतंस."

हे खरं होतं. मी सांगितलंच असतं.

"बॅनरवरनं तुझं नाव मी काढलं," मी म्हटलं. "फ्लेक्सवाला नको म्हणत होता. मीच काढायला लावलं."

"म्हाइत हाय गो."

"मग विचारलं का नाहीस मला? शिव्या तरी द्यायच्यास!"

"काय विचारू? बरोबरच केलंस ना तू."

तेव्हा मी ओरडले. बरोबर नाय केलं रे, अजिबात बरोबर नाय केलं, असं मी भर संध्याकाळी परसात उभी राहून ओरडत होते. शेजारीण कुडाजवळ येऊन बघून गेली. मला लाजही वाटली नाही. चार वर्षं ज्याला मी चारचौघांत दगड म्हणत आले, तो तिकडे एका बंद दारासमोर उभा राहून हसत होता, आणि मी इकडे आईच्या उशाशी बसून त्याच्यावर दात खात होते. एवढं दुःख मला आई गेली तेव्हाही झालं नव्हतं. तेव्हा निदान राग होता सोबतीला.

तो मला रडू देत होता. मग म्हणाला, "ताय, एक विचारू? आय खरंच दाराकडं बघत व्हती का?"

आई गेली त्या दिवशी फोनवर मीच त्याला तसं सांगितलं होतं. 'दाराकडं डोळे लावून गेली, तुझी वाट बघत.' हेच शब्द. त्याला लागावेत म्हणून निवडून काढलेले. आई दुपारची जेवणवेळ टळल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपेतच गेली होती. दार तिच्या पाठीमागे होतं.

"नाय," मी म्हटलं. "खोटं सांगितलं मी."



"तिने तुला बोलवायला नको सांगितलं होतं," मी म्हटलं. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. "जायच्या चार दिवस आधी. मी तुला अजून एकदा फोन लावत होते, तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, त्याला बोलवू नको. हितं येईल नि तिकडचं काम जाईल त्याचं. मी अशी बी जानार नि तशी बी जानार."

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. सेकंद पुढे सरकत होते.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. मनगटाचंही सांगितलं, तिने ते किती घट्ट धरलं होतं ते.

"काम तर तवाच गेलं व्हतं गो," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हंजे मी तिला खरं सांगितलं असतं, तर तिने बोलावलं असतं मला."

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण मी आईला ओळखत होते. बोलावलंच असतं तिने, त्याच दिवशी.