गच्चीचं कुलूप

आसनगावात आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या त्या आजींचं नाव मला अजून माहीत नाही. पदर खोचून, जिन्यातल्या उजेडात सुपातले तांदूळ निवडताना रोज दिसायच्या.

उन्हाळा लागला आणि सेक्रेटरीने गच्चीला कुलूप घातलं. वाळवणं घालून बायका गच्ची घाण करतात, असं त्याचं म्हणणं. आम्ही बाकीचे जिन्यातच कुरकुरत राहिलो. सभेत आजी मात्र उभ्या राहिल्या.

"गच्ची सगल्यांची ना रे बाबा? मंग कुलूप एकट्याचं कसं? आमच्या किन्हवलीकडं गावाचं खलं हाय. भात झोडून झालं का ज्यानं त्यानं झाडून घ्यायचं. खल्याला कुलूप कोनी घालत नाय."

ठराव झाला, कुलूप निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. आजींचे तांदळाचे पापड टाकीच्या बाजूला, जेमतेम उन्हात होते. भर उन्हाच्या जागेवर एक धुतलेली चादर रिकामीच अंथरलेली, चारी टोकांना दगड ठेवून.

"ही कुणाची हो, आजी?"

"माजीच. शेक्रेटरीच्या बायकोसाठी," पापड उलटत त्या म्हणाल्या. "तिला आता वर यायला लाज वाटंल. म्हनून जागा धरून ठेवलीय."