धानावरून घरंगळलेलं औषध

मित्रांनो, आज मला स्वतःचीच लाज वाटते आहे.

सकाळी शेजारच्या काकूंच्या धानावर, म्हणजे भातावर, करप्याचं औषध फवारायला गेलो. काकू म्हणाल्या, "बापू, त्यात ते चिकटवायचं स्टिकर टाक. नाही तं थेंब पानावर टिकत नाही."

शेतात तण निंदणाऱ्या बायकांसमोर मी म्हणालो, "डब्यावर तसं लिहून नाही. तुमाले वाचता येते का?"

फवारलं, तर प्रत्येक थेंब गोल होऊन धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात घरंगळला.

"काऊन बापू, रोग धानाले हाये का पाण्याले?" काकू म्हणाल्या. बायका हसल्या, काकू नाही.

स्टिकरने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब पानावर पसरतो, हे नंतर दुकानदाराने सांगितलं.

उद्या माझ्याकडचं औषध आणून पुन्हा फवारीन. पण अपमान चारचौघींसमोर केला. माफी एकट्यात मागितली तर चालेल का?