वेंडेलची सहा मिनिटं

डेल्मा थिबोडोने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आता ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटची मेपलची झाडं लाल झाली की ती फोटोवाल्या पाहुण्यांना डोंगरात फिरवते आणि मी त्यांचे ट्रायपॉड उचलतो. पाहुण्यांनाही ती शाळेतल्या पोरांसारखीच दटावते.

त्या दिवशी सकाळी सातला तिने एका घरापुढच्या टपालपेटीपाशी बस थांबवली. समोरचा डोंगर सावलीत काळाठिक्कर.

"इथे कसला फोटो काढायचा, बाई?" टेक्सासचे एक गृहस्थ कुरकुरले.

"कॅमेरा लावा आणि गप्प उभे राहा. सहा मिनिटं."

सहाव्या मिनिटाला मागच्या कड्यावरून ऊन आलं आणि डोंगर शेंड्यापासून पायथ्यापर्यंत पेटत गेला. लाल, केशरी, मध्येच बर्चची पिवळीधमक झाडं. माणसं वेडी झाली. कुणी चिखलात लोळलं, कुणी लेन्सचं झाकण न काढताच बटण दाबत सुटलं. दर वर्षी बघतो, तरी हातातला ट्रायपॉड खाली ठेवून मीही बघत राहिलो.

"ही जागा सापडली कशी तुम्हाला?" गृहस्थांनी विचारलं.

"या घरातला वेंडेल प्रॅट. नऊ वर्षं रोज सहा मिनिटं उशिरा यायचा. मी बसून करणार काय? डोंगर बघायचे."

तेवढ्यात घरातून चाळिशीचा एक गडी गरम डोनटचं ताट घेऊन धावत आला. त्याला सातला बोलावलं होतं.

"चुकलो, डेल्माबाई. उशीर झाला."

"असू दे रे," डेल्मा म्हणाली. "नऊ वर्षं तुझ्यावर नुसती खेकसले. आभार मानायचे राहूनच गेले."