दाराबाहेर काढलेली चप्पल

नव्या कातड्याचा वास आला की मला वकिलीच्या सुरुवातीची ती दुपार आठवते. कोर्टात न भांडता बोलून मार्ग काढायला एक नवरा-बायको माझ्या ऑफिसात आले होते. घरच्यासारखं वाटावं म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, असा तेव्हा माझा नियम होता. त्याची नवी, करकर वाजणारी कोल्हापुरी पायरीवर राहिली आणि तो हसतमुखानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. तिच्याशी एकटीशी बोलायला मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. काहीही विचारलं तरी तिची नजर दारावरून हलेना. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यांना चप्पल घालू द्या की." मला ती नवऱ्याची काळजी वाटली. म्हटलं, "अहो, आत फरशी आहे, पाय पोळणार नाहीत." "तसं न्हाय. घरात चप्पल वाजली की कळतंय, कुठवर आल्यात. तेवढ्यात मी पोरीला आत घालून कडी लावते. अनवाणी आले की कायच कळत न्हाय." मी कान दिला. बाहेर पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. मी उठून दार उघडलं. तो खुर्चीवर नव्हता. दाराला अगदी चिकटून, अनवाणी उभा होता, तसाच हसत. "झालं का बोलून, मॅडम?" आता माझ्याकडं सगळे चपला घालूनच आत येतात. पावसाळ्यात फरशीभर चिखल होतो. होऊ दे.