'पाणी नाही' असं लिहिलेल्या जागी

दादाचा फोन आला तेव्हा मी बर्लिनला, ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. "सुजाता गेली गं," एवढंच तो म्हणाला. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन आली आणि जिन्यातच कोसळली... मेंदूत रक्तस्राव. त्याला आता काही आठवडे झाले. वहिनीवर लेख लिही, असं दादाने सांगितलं तेव्हाच मी बजावलं की रडका लेख माझ्याच्याने होणार नाही. माझ्या वहिनीला हळू चालता यायचं नाही, हळू बोलता यायचं नाही, आणि एखादी गोष्ट आवडली की ती जर्मनीभर सांगितल्याशिवाय तिला घास गिळवायचा नाही. तिच्याबद्दल दबक्या आवाजात लिहिलं तर तीच चिडेल.

सुजाता रामटेके. माहेर कामठीचं. आठवडाभर कोलोनच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम आणि रविवारी एका म्युझियममध्ये हौसेची फ्युरुंग, म्हणजे लोकांना चित्रं समजावत फिरवायचं. दादा म्हणायचा, हिला सुट्टी नको, ऐकणारी माणसं हवीत. पण ही बडबडी बाई एका ठिकाणी मुकी व्हायची, ते म्हणजे आमचं मराठी मंडळ. दिवाळीच्या फराळाला गेलं की कुणीतरी विचारणारच, "नागपूरकडच्या का? कुठल्या भागातल्या?" आपली माणसं आडनाव थेट विचारत नाहीत, त्याच्याभोवती फेऱ्या मारतात. वहिनी हसून "नुसतं सुजाता म्हणा" म्हणायची आणि वाढायला उठायची. मी एकदा छेडलं तर म्हणाली, "आधी मैत्री होऊ दे गं, शीलू. आधीच सांगितलं तर होईल की नाही, कुणास ठाऊक." मला फार वाईट वाटलं होतं.

मग म्युझियममध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, अ‍ॅबोरिजिनल चित्रकारांच्या आजच्या कलेचं प्रदर्शन लागलं आणि आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. वहिनीचे फोन वाक्याच्या मधूनच सुरू व्हायचे. "...आणि भिंतभर नकाशा आहे, शीलू! ऑस्ट्रेलियाचा, जुना, जर्मन सर्वेअरने काढलेला!" त्या सर्वेअरने नद्यांना, टेकड्यांना आपल्या देशातली नावं देऊन टाकली होती. लोरेन नावाच्या चित्रकार बाईने तो नकाशा कॅनव्हासवर मोठा करून घेतला आणि ती सगळी नावं गेरूने, पांढऱ्या रंगाने झाकली. फक्त दोन शब्द उघडे ठेवले, 'काइन वासर', म्हणजे पाणी नाही. मधल्या मोठ्या वाळवंटावर सर्वेअरने तसं लिहून ठेवलं होतं. "आणि त्या दोन शब्दांभोवती तिने काय रंगवलंय माहितेय? पाणवठे! तिच्या आजीला ठाऊक असलेले सगळे पाणवठे! अगं, 'पाणी नाही' लिहिलंय आणि चहूबाजूंनी पाणीच पाणी!" एवढं बोलून ती फोनवरच टाळ्या वाजवायला लागली. मीही मग ऑफिसात उभ्या उभ्या हसत सुटले.

उद्घाटनाला लोरेन स्वतः आली होती. जीन्स, स्पोर्ट्स शूज, हातात लॅपटॉप. बोलायला उभी राहिली आणि चित्राबद्दल अवाक्षर नाही. आधी आपली भूमी कुठली ते सांगितलं, मग आई कोण, मग आजी कोण. त्या आजीला लहानपणी पाणवठ्यावरून उचलून मिशनच्या शाळेत नेऊन ठेवलं होतं आणि तिथे तिची भाषा बोलायला बंदी होती, हेही सांगितलं. मग म्हणाली, आता चित्राकडे वळू. आधी हे सगळं का, असं वहिनीने विचारलं तेव्हा ती म्हणाली की मी कोण ते कळल्याशिवाय तुम्हाला माझी भूमी दाखवणं आमच्यात बरं दिसत नाही. हे ऐकून वहिनी घरी आली आणि जेवता जेवता तिने जाहीर केलं की मंडळाच्या लोकांसाठी मराठीतून फ्युरुंग करणार आणि सुरुवात अशीच करणार. दादाचा घास हातातच राहिला. "सुजाता, चित्र दाखव आणि घरी ये. याच लोकांत राहायचंय आपल्याला." वहिनी म्हणाली, "अहो, चित्रच तर दाखवायचंय."

मी खास बर्लिनहून गेले. लग्नाला निघाल्यासारखी उत्सुकता! तीसेक माणसं, जॅकेटं, बाबागाड्या. मंडळातले एक जुने काका कॅनव्हाससमोर थांबले आणि आनंदाने म्हणाले, "अरे, हे तर आपलं वारलीच!" एरवी वहिनीने त्यांना तिथेच धरलं असतं. त्या दिवशी तिने घसा साफ केला. "काका, हे आपलं नाही. आपलं काय ते आधी सांगते. मी सुजाता रामटेके. माझी आजी कामठीला बिड्या वळायची. दीक्षेच्या दिवशी रात्रीतून धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती नागपूरला चालत गेली. आम्ही बौद्ध आहोत. आणि आता... हे चित्र." तेवढ्यात ड्रेस्डेनहून आलेली, पीएचडी करणारी एक मुलगी गर्दीतून पुढे आली. "ताई, मी पण कामठीची. मी पण सांगू?" वहिनीने तिला मिठीच मारली, आणि मग ती अशी काही बोलली त्या चित्राबद्दल की पहारेकऱ्याला येऊन आठवण करून द्यावी लागली, म्युझियम बंद होतंय म्हणून.

सगळं गोड झालं, असं नाही. दोन घरांनी पुढे बोलावणं बंद केलं. काकाही दिसेनासे झाले. वहिनीला लागलं ते, पण तिची फ्युरुंग थांबली नाही. दर महिन्याला तीच सुरुवात आणि तोच उत्साह.

ती गेली तेव्हा एक मराठी फ्युरुंग बाकी होती. म्युझियमने विचारलं, रद्द करू का? मी म्हटलं, मी घेते. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही! पण वहिनीचं फोनवरचं सगळं माझ्या कानात होतं. मी तिच्या जागी उभी राहिले, कॅनव्हासच्या डाव्या बाजूला, आणि सुरू केलं, "मी शीला रामटेके, सुजाताची नणंद." वहिनीची आजी सांगितली, माझी सांगितली. आतून असं काही उसळत होतं की काय सांगू! आणि चित्राकडे वळणार, एवढ्यात मागून आवाज आला, "मी पण सांगतो." तेच काका होते. त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग त्या उघड्या दोन शब्दांकडे बघत म्हणाले, "आमच्या मळ्यात विहीर होती. उन्हाळ्यातही भरलेली. माझे आजोबा तुमच्या लोकांना सांगायचे, पाणी नाही."

त्यांनी माफी मागितली नाही. मी वहिनीच्या जागेवरून बाजूला झाले. "काका, इथे येऊन उभे राहा," म्हटलं. "इथून पाणवठे नीट दिसतात."