सुगंधाबाईंचं स्टूल

"सुगंधाबाईनं खाटेशी स्टूल ओढलं की तो माणूस गेलाच," असं जळगावच्या दवाखान्यात बोलायचे. खरं उलट होतं. त्या वॉर्डात आयाचं काम करायच्या आणि डॉक्टरांनी हात टेकल्यावरच स्टूल ओढायच्या.

बसून त्या करतात काय, हे आमच्या आबांच्या शेवटच्या आठवड्यात कळलं. आबा पेजेला तोंड उघडेनात. आई रडायची.

सुगंधाबाई तिला म्हणाल्या, "आता पोट नको भरू माय, चव दे."

"नाहीच उघडणार ते. लावा पैज," मी म्हटलं.

"हारली तं पाठीमागं करते ती माही नक्कल माह्यासमोर करजो."

त्यांनी असोद्याहून आलेल्या वांग्याच्या भरताचं बोट आबांच्या ओठांना लावलं. आबांनी ते चाटलं आणि पुटपुटले, "मीठ कमी." आई कितीतरी दिवसांनी हसली.

मग मी सुगंधाबाईंच्या घोगऱ्या आवाजात "सरका बरं" म्हणत स्टूल ओढलं आणि आबांचा हात धरून बसले.