आधी आपलं वाक्य

प्रा. नसीम शेख मॅडम यांची आणि माझी खरी ओळख वर्गात झाली. मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायला आमच्या महाविद्यालयात नुकताच रुजू झालो होतो. पहिल्याच तासाला विभागप्रमुख असलेल्या मॅडम येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि मी तासभर एकटाच बोलत राहिलो. तास संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही छान बोललात. उद्या मुलांनाही बोलू द्या." तेव्हापासून मी स्वतःला त्यांचा शिष्य समजतो.

मॅडम साठाव्या वर्षात पदार्पण करीत असताना मला सुजाताचा प्रसंग आठवतो. ती कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेली. मोबाइलवर एआयकडून निबंध लिहून घेण्याची सवय तेव्हा मुलांना नुकतीच लागली होती. सुजाताचा निबंध निर्दोष होता, पण त्यातल्या साध्या शब्दाचा अर्थ तिला सांगता येईना. शून्य गुण द्यावेत आणि पालकांना बोलवावं, असं विभागाच्या बैठकीत ठरत आलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "पालकांना बोलावलं तर तिचं कॉलेज सुटेल. आधी मी तिच्याशी बोलते."

विभागात बोलावल्यावर सुजाता खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, माझं इंग्रजी लई कच्चं हाय. मी लिहिलं की सगळे हसतात. मशीनच्या लिहिण्याला कुणी हसत नाय."

मॅडमनी तिला तिथंच वडिलांविषयी लिहायला सांगितलं. तिनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की वडील घाटात जीप चालवतात आणि ते येईपर्यंत आई जेवत नाही. मॅडमनी तेच एआयला सुधारायला दिलं. व्याकरण सुधारून आलं. मजकूर मात्र, 'वडील वाहतूक क्षेत्रात कार्यरत असून कुटुंबाला त्यांची काळजी वाटते', असा झाला होता.

"बेटा, यात तुझी आई कुठं गेली?" मॅडमनी विचारलं.

सुजातानं दोन्ही मजकूर पुन्हा वाचले. "आई ऱ्हाऊनच गेली," ती म्हणाली, आणि तिनं आपलं वाक्य परत लिहायला घेतलं.

पुढे मॅडमनी सगळ्या वर्गालाच एक नियम लावला. आधी आपलं वाक्य, मग यंत्राची सूचना. आणि ती का स्वीकारली, हे मराठीत का होईना, सांगता आलं पाहिजे. या पद्धतीनं अभ्यासक्रम मागे पडे. प्राचार्य नाराज होत, काही मुलं कंटाळून यायची थांबली. मॅडमना त्याचं वाईट वाटे, पण त्यांनी नियम सोडला नाही.

सुजाताला नोकरीसाठी पहिल्या ठिकाणी नकार आला. दुसऱ्या ठिकाणी, शहरातल्या एका रुग्णालयात, मोबाइल बाजूला ठेवायला लावून एका तक्रारीला इंग्रजीत उत्तर लिहून मागितलं. तिनं सहा साधी वाक्यं लिहिली. आज ती तिथल्याच चौकशी कक्षात आहे.

मॅडमचा हा जिव्हाळा सहकाऱ्यांनाही लाभला. माझे वडील आजारी असताना त्यांनी मी न सांगताच माझे तास घेतले, आणि संध्याकाळी छावणी भागातल्या आपल्या घरून डबा घेऊन स्वतः इस्पितळात आल्या. आभार मानू लागलो, तर म्हणाल्या, "आधी जेवा."

मॅडमना निरामय दीर्घायुष्य लाभो. निवृत्तीनंतरही मुलं त्यांच्या दारी येत राहोत, आणि त्या प्रेमानं, पण तितक्याच कडकपणे, त्यांना पुन्हा लिहायला बसवोत.